शिबिरात वजनकाट्याशेजारी एक फीतही ठेवा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कोल्हापुरात पेठापेठांतली तालीम मंडळं गणेशोत्सवात, शिवजयंतीला आणि १४ नोव्हेंबरच्या मधुमेह दिनाच्या आसपास आरोग्य शिबिरं घेतात. मांडवात एक वजनकाटा, एक ग्लुकोमीटर, रक्तदाबाचं यंत्र आणि नावं लिहून घ्यायला एक टेबल असतं. काट्यावर ५८ किलो उमटले की मागचा म्हणतो, "तुला काय हुतंय, काठीगत हाईस की." ९५ उमटले की, "ह्याला शुगर असणारच, घ्या लिहून." दोन्ही अंदाज बेभरवशाचे आहेत. त्यातला पहिला जास्त घातक, कारण तो माणसाला रांगेतूनच घरी पाठवतो. मधुमेहींची तपासणी आणि आहार यांचं काम करणारे आम्ही काही जण एवढ्याच एका मुद्द्यासाठी हे पत्र लिहीत आहोत.

काट्यावरच्या आकड्यात हाडं, स्नायू, पाणी, चरबी असं सगळं एकत्र मोजलं जातं. मधुमेहाचा संबंध त्यातल्या चरबीशी आणि त्यातही ती कुठे साठली आहे याच्याशी जास्त आहे. मांड्यांवर, दंडावर, कातडीखाली साठलेली चरबी तुलनेने गरीब. ती कोठारं भरली की पुढची चरबी पोटाच्या आत, यकृतात आणि स्वादुपिंडात जाते. मग यकृत साखर ताब्यात ठेवणाऱ्या इन्सुलिनचं ऐकेनासं होतं, रात्रभर रक्तात साखर सोडत राहतं आणि इन्सुलिन बनवणारं स्वादुपिंड दमत जातं. हे कोठार प्रत्येकाचं वेगळं. कुणाचं १०० किलोलाही भरत नाही, तर कुणाचं ६० किलोलाच ओसंडतं. आपल्याकडे दुसऱ्या प्रकारची माणसं पुष्कळ आहेत. म्हणूनच पाश्चात्त्यांसाठी बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २५ च्या पुढे जास्त वजन आणि ३० च्या पुढे लठ्ठपणा धरतात, तर भारतीयांसाठी हीच रेघ २३ आणि २५ वर ओढली आहे.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली 'द लॅन्सेट'मध्ये छापून आला होता. दोघांचाही बीएमआय अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के. काट्याच्या आणि उंचीच्या हिशेबाने जुळी भावंडं, आतून दुपटीहून जास्त फरक. पुण्याजवळच्या गावांत याज्ञिक यांच्या गटाने नवजात बाळं मोजली, तेव्हा याचं मूळ सापडलं. आपलं बाळ सरासरी २.७ किलोचं आणि इंग्लंडमधलं ३.५ किलोचं. पण आपल्या बाळात कमी पडतात ते प्रामुख्याने स्नायू आणि अवयव. कातडीखालची चरबी त्या मानाने फारशी घटलेली नसते. थोडक्यात, 'बारीक पण चरबीदार' ही ठेवण आईच्या पोटातूनच येते. "खाण्यावर ताबा नव्हता म्हणून शुगर झाली" असं कुणाच्याही तोंडावर सुनावण्याआधी हे ध्यानात घेतलेलं बरं.

मग मोजायचं काय? कंबर. पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि बायकांत ८० सेंटिमीटर ही मर्यादा. पँटचा नंबर इथे कामाचा नाही. पोट सुटलेला माणूस पँट पोटाच्या खाली सरकवतो आणि वर्षानुवर्षं '३४ नंबर'च सांगतो. शिंप्याची साधी फीत घ्यावी. शेवटची बरगडी जिथे संपते ती जागा बोटाने चाचपावी, खाली कमरेच्या हाडाचा वरचा काठ चाचपावा आणि दोन्हींच्या बरोबर मध्ये फीत लावावी. सदरा, बनियन वर करून फीत अंगाला टेकवावी, पण आवळू नये. मागच्या बाजूला ती खाली घसरते, म्हणून दुसऱ्याने मागून पाहावं. श्वास सहज सोडून झाल्यावर आकडा वाचावा. पोट आत ओढलं की दोनचार सेंटिमीटर सहज लपतात आणि मांडवात माणसं पाहत असतील तर पोट आत ओढलं जातंच!

याच्या जोडीला चेन्नईच्या मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशनची २००५ सालची जोखीम गुणपत्रिका वापरावी. एकूण गुण १००. वय ३५ च्या आत असेल तर ०, ३५ ते ४९ ला २०, पन्नाशीपासून पुढे ३०. कंबर मर्यादेत असेल तर ०. बाईची ८० ते ८९ किंवा पुरुषाची ९० ते ९९ असेल तर १०, त्याहून जास्त असेल तर २०. नियमित व्यायाम आणि अंगमेहनतीचं काम दोन्ही असेल तर ०, एकच असेल तर २०, दोन्ही नसेल तर ३०. आईवडिलांपैकी एकाला मधुमेह असेल तर १०, दोघांनाही असेल तर २०. बेरीज ६० किंवा जास्त आली तर धोका मोठा. सगळे रकाने पुन्हा पाहा, वजनाचा रकाना त्यात नाहीच.

मार्केट यार्डात गादीवर बसून व्यापार करणारा ५२ वर्षांचा एक माणूस कल्पा. उंची १६५ सेंटिमीटर, वजन ६२ किलो, कंबर ८६, आईला मधुमेह. बीएमआय २२.८, म्हणजे आपल्या कडक मापानेही ठीक. पण गुण ३० अधिक ० अधिक ३० अधिक १०, एकूण ७०. आता शेजारी तालमीतला २४ वर्षांचा मल्ल उभा करा. उंची १७५, वजन ११०, कंबर ९८, व्यायाम आणि अंगमेहनत दोन्ही रोजची, घरात कुणाला मधुमेह नाही. बीएमआय ३६ च्या घरात, गुण मात्र १०. शिबिरात सल्ला मिळतो मल्लाला आणि शाबासकी मिळते व्यापाऱ्याला.

मल्लाची गोष्ट इथेच संपत नाही, आणि खासबाग कुस्ती मैदानाच्या गावात ती सांगायलाच हवी. जेवणातली साखर रक्तातून उचलणारं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे स्नायू. कुस्ती सुटते, जोर-बैठका सुटतात, पण दूध, तूप, बदाम, मटण हा खुराक सुटत नाही. पुढच्या दहा वर्षांत स्नायू झडतात आणि त्यांच्या जागी पोटात चरबी येते. काटा ११० चे ११० च दाखवतो. "वजन हाय तेवढंच हाय" हे त्याचं म्हणणं खरंच असतं. फीत ९८ वरून १०६ वर गेलेली असते, पण ती कुणी लावलेलीच नसते.

आता बोटाला सुई टोचून केलेल्या तपासणीबद्दल. चहा-बिस्किट खाऊन दोन तासांनी आलेला १३० (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) हा आकडा फारसं काही सांगत नाही, तरी त्याला 'नॉर्मल' म्हणून कागदावर शिक्का बसतो. निदानासाठी शिरेतलं रक्त लागतं. आठ तास उपाशीपोटी १२६ किंवा जास्त, ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून पिऊन दोन तासांनी २०० किंवा जास्त, नाहीतर तीन महिन्यांच्या सरासरीचं एचबीएवनसी ६.५ टक्के किंवा जास्त आलं तर मधुमेह. लक्षणं नसतील तर एका अहवालावर निदान पक्कं करू नये, खात्रीसाठी पुन्हा तपासावं. आपल्या लोकांत बऱ्याचदा जेवणानंतरची साखर आधी चढते, त्यामुळे फक्त उपाशीपोटीची तपासणी अनेकांना निसटू देते. ग्लुकोज पिऊन करायच्या तपासणीआधीचे तीन दिवस नेहमीसारखं भात-भाकरी खावी. बरेच जण 'रिपोर्ट चांगला यावा' म्हणून भात सोडतात, आणि त्याने आकडा उलट खोटा चढू शकतो. अंगात रक्त कमी असेल तर एचबीएवनसी फसवतं. लोह कमी असलं की ते वर दिसतं, नुकताच रक्तस्राव होऊन गेला असेल तर खाली. आणि बोटाला गूळ, उसाचा रस किंवा केळं लागलेलं असेल तर ग्लुकोमीटर त्याचीच साखर मोजतो. स्पिरिटच्या बोळ्यावर विसंबू नका, हात साबणाने धुऊन कोरडे करा.

सगळ्यात महाग पडणारा गैरसमज वजन उतरण्याबद्दलचा आहे. काही न करता दोन महिन्यांत सहा किलो उतरले की घरचे खूश. रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेली की मूत्रपिंडाला ती अडवता येत नाही. दिवसाला १०० ग्रॅम साखर लघवीतून गेली तर ४०० कॅलरी गेल्या, म्हणजे जवळपास दीड भाकरी. भूक वाढते, तहान वाढते, रात्री चारचारदा उठावं लागतं आणि वजन घटतं. अशा माणसाला 'ब्येस झालं, बारीक झालास' म्हणू नका, दुसऱ्या दिवशी रक्त तपासायला पाठवा. बारीक प्रौढाची साखर एकदम खूप वाढलेली निघाली तर तो नेहमीचा टाइप २ आहे असं गृहीत धरू नये. टाइप १ मोठ्या वयातही होतो, स्वादुपिंडाच्या आजारानेही मधुमेह होतो, आणि दोन्हींचे उपचार वेगळे.

लहान मुलांत तर एका दिवसाचा उशीरही चालत नाही. रात्री अंथरूण ओलं करायचं थांबलेलं मूल पुन्हा ओलं करू लागलं, घटाघटा पाणी पिऊ लागलं, कपडे सैल झाले, तर त्याच दिवशी साखर तपासा. त्यात उलट्या, पोटदुखी, जोरजोरात श्वास सुरू झाला असेल तर थेट रुग्णालयात न्या. हे पोटाचं दुखणं नव्हे, इन्सुलिन संपल्यामुळे रक्त आम्लयुक्त होत असतं. टाइप १ गोड खाऊन होत नाही आणि लठ्ठपणानेही होत नाही. शरीराची स्वतःचीच संरक्षणव्यवस्था इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारते. या मुलांना इन्सुलिन आयुष्यभर लागतं. कुणाच्या काढ्यासाठी ते एक दिवसही बंद करू नये.

गुळाबद्दल लिहिलं नाही तर कोल्हापूरचं पत्र वाटणार नाही. आपल्या गुळाला भौगोलिक मानांकन आहे, त्याची चव जगात कुठे नाही, हे आम्हालाही मान्य. पण तो बहुतांशी साखरच आहे. १० ग्रॅममधून मिळणारं लोह जेमतेम मिलिग्रॅमभर, आणि बाईची रोजची गरज २९ मिलिग्रॅम. २०० मिलिलिटर उसाच्या रसात पंचवीसएक ग्रॅम साखर असते. काकवीचंही तेच. आणि गंमत अशी की ही सूट बारीक माणूसच स्वतःला जास्त देतो: "मला कुठं वजन हाय?" भाकरीचंही तसंच. ज्वारीची भाकरी मैद्याच्या ब्रेडपेक्षा नक्की चांगली, पण ७५ ग्रॅम पिठाच्या एका भाकरीत पन्नासएक ग्रॅम पिष्टमय पदार्थ असतात. 'भाकरी कितीबी चालतीया' असं नसतं. तांबड्या-पांढऱ्या रश्शाला जितका दोष दिला जातो, तितका त्यासोबत तिसऱ्यांदा वाढून घेतलेल्या भाताला दिला जात नाही.

वजन कमी झालंच नाही तर सगळं फुकट, हाही समज खरा नाही. डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने २००६ साली मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या भारतीयांचा तीन वर्षांचा अभ्यास प्रसिद्ध केला. नुसता नेहमीचा सल्ला दिलेल्यांत १०० पैकी ५५ जणांना मधुमेह झाला. चालणं आणि आहार यांचा पाठपुरावा केलेल्यांत सुमारे ३९ जणांना. त्यांचं वजन जवळपास होतं तेवढंच राहिलं. जो खरोखर जाड आहे त्याने ५ ते ७ टक्के वजन उतरवलं तरी मोठा फायदा, म्हणजे ८० किलोच्या माणसाने चार ते साडेपाच किलो. नवा मधुमेह असेल आणि दहा-पंधरा किलो उतरवता आले तर अनेकांची साखर गोळ्यांविना ताब्यात येते. पण गोळ्या सुरू असताना असा आहार डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय करू नये, साखर अचानक उतरते. बारीक माणसाने मात्र उपास करून आणखी वाळू नये. त्याला हवेत स्नायू: जेवणात डाळ, उसळ, अंडी, मासे, आठवड्यातून दोन-तीनदा जोर-बैठका किंवा वजनं उचलणं, आणि जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं रंकाळ्याच्या काठाने फेरी. डोळ्याच्या पडद्याला इजा झालेल्यांनी जोर मारण्याआधी नेत्रतज्ज्ञांना विचारावं.

औषधांबद्दल थोडक्यात. ग्लिमेपिराइड ही मधुमेहाची गोळी आणि इन्सुलिन यांनी दोन-तीन किलो वाढू शकतात, कारण लघवीतून जाणारी साखर अंगात राहू लागते. दुसरं कारण, साखर उतरेल या भीतीने माणूस सारखा खातो. वारंवार उतरत असेल तर डोस बदलून घ्यावा, खाणं वाढवू नये. साखर ७० च्या खाली गेलीच तर तीन चमचे साखर पाण्यातून घ्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासावं. पेढा इथे कामाचा नाही, त्यातल्या तुपामुळे साखर सावकाश चढते. लघवीतून साखर काढून वजन उतरवणाऱ्या गोळ्याही आहेत. त्या शेजाऱ्याच्या चिठ्ठीवर घेणारे बारीक लोक दिसतात. इन्सुलिनच कमी असलेल्या माणसात या गोळ्यांनी रक्त आम्लयुक्त होण्याचा धोका असतो.

तालीम मंडळांना आमची विनंती साधी आहे. पुढच्या शिबिरात एक फीत, बायकांसाठी आडोसा आणि माप घ्यायला एक महिला कार्यकर्ती असावी. कार्डावर वजनाआधी कंबर आणि गुणपत्रिकेची बेरीज लिहावी. ६० च्या पुढच्यांना, ते कितीही काटकुळे असोत, उपाशीपोटी आणि ग्लुकोजनंतरच्या तपासणीची चिठ्ठी द्यावी. आणि पंधरा दिवसांनी त्यांनी तपासणी केली का, हे विचारायला वर्गणीला दारोदार जाणारा तोच कार्यकर्ता पाठवावा. त्याला गल्लीतलं प्रत्येक घर पाठ असतं.

आपले,
मधुमेह तपासणी व आहार मार्गदर्शन करणारे काही जण,
कोल्हापूर