पहिली मॅच आम्ही देवाला देत नाही!

फ्रीमाँट, कॅलिफोर्निया
28 मार्च 2025

प्रिय पक्या,

'162 मधली एक जिंकलात, पेढे वाट', हा आमच्या बेसबॉलच्या 162 मॅचेसच्या सीझनवरचा तुझा मेसेज वाचला. बोल बाबा. तुमची मुंबई इंडियन्स 2012 नंतर सलामीची मॅच एकदाही जिंकलेली नाही. या रविवारीही चेपॉकवर जाऊन 'पहिली मॅच देवाला' केलीच. तरी कपाटात पाच कप आहेत, म्हणजे सलामीला काडीची किंमत नाही, हे तुझं म्हणणं हिशेबाला धरून आहे. पण काल मी हिशेब बघतच नव्हतो, आमच्या संघाच्या विल्मर फ्लोरेसला बघत होतो.

आमच्या सॅन फ्रान्सिस्को जायंट्सची सलामीची मॅच सिनसिनाटीत होती. तिथे सलामी म्हणजे गावजत्रा. अमेरिकेतला पहिला उघडपणे पगारी संघ 1869 साली याच गावाने उभा केला. त्या मानापोटी सीझनची पहिली मॅच बहुतेक दर वर्षी त्यांच्या घरी होते, आणि मॅचआधी फिंडले मार्केटपासून मिरवणूक निघते. ऑफिसं ओस, सगळं गाव लाल. अशा गर्दीसमोर पाहुण्यांनी जिंकणं तसं वाईटच. पण मजा आली, खोटं का बोलू?

त्यांचा पिचर (म्हणजे गोलंदाज) हंटर ग्रीन ताशी 160 किलोमीटरने चेंडू टाकतो. त्याच्यापुढे हेलियट रामोसचा दोन रनांचा होमर (आपल्या षटकारासारखा, चेंडू थेट मैदानाबाहेर) सोडला तर आमचं फारसं काही चाललं नाही. (या रामोसची वेगळीच गंमत. 2007 च्या सीझननंतर बॅरी बाँड्स गेला, तेव्हापासून आमच्या लेफ्ट फील्डमध्ये, म्हणजे मैदानाच्या डाव्या टोकाला फील्डिंगला, दर सलामीला नवा माणूस असतो. यंदा याचा नंबर. पुढच्या वर्षी हाच दिसला तर मी नारळ फोडीन.) नववी, म्हणजे शेवटची इनिंग आली तेव्हा आम्ही 2-3 ने मागे. इथे दुपार, माझी ऑफिसची मीटिंग चालू, फोन टेबलाखाली. आधी पॅट्रिक बेलीने बरोबरी करून दिली. मग फ्लोरेस आला आणि तीन रनांचा होमर! शेवटी 6-4. मीटिंगमध्ये मी नको तिथे 'येस' म्हणालो, आणि आता एक जादा काम माझ्या गळ्यात आहे.

फ्लोरेसच का, ते तुला सांगितलं पाहिजे. हा व्हेनेझुएलाचा पोरगा, सोळाव्या वर्षी न्यूयॉर्क मेट्सने उचलला. 2015 च्या जुलैत मॅच चालू असतानाच त्याला दुसऱ्या संघाला देऊन टाकल्याची बातमी स्टेडियमभर पसरली. डगआउटमधून त्याला कोणी आत बोलावलं नाही, आणि हा गडी मैदानावर उभा राहून डोळे पुसतोय, हे सगळ्या देशाने टीव्हीवर पाहिलं. तो सौदा फिसकटला. दोन दिवसांनी त्यानेच जादा इनिंगमध्ये होमर मारून मॅच जिंकून दिली.

पुढे तो आमच्याकडे आला. 2021 साली आम्ही 107 मॅचेस जिंकलो आणि प्लेऑफमध्ये लॉस एंजेलिसच्या डॉजर्सशी पाचव्या, निर्णायक मॅचला गाठ पडली. नववी इनिंग, 1-2 ने मागे, शेवटचा आउट शिल्लक, बॅटिंगला फ्लोरेस. त्याने बॅट अर्धी फिरवून आवरली, पण पहिल्या बेसवरच्या पंचाने हात वर करून आउट दिलं. पूर्ण फिरवली, म्हणे! आपल्याकडे पायचीतला निदान रिव्ह्यू घेता येतो. यावर दाद मागायची सोयच नाही. सीझन खलास. त्या रात्री मी तुला फोन करून दिलेल्या शिव्या तुला आठवत असतील. आमच्या लाडक्या कॅचरची, बस्टर पोझीची खेळाडू म्हणून ती शेवटची मॅच. आता तोच पोझी साहेब होऊन संघ चालवतोय.

गेल्या वर्षी फ्लोरेसचा गुडघा गेला, बॅटिंगची सरासरी .206 वर (म्हणजे अगदीच खाली) आली, होमर फक्त चार. इथली निम्मी मंडळी त्याला निवृत्त करून मोकळी झाली होती. नव्याने आणलेल्या विली अडामेससाठी 182 मिलियन डॉलर मोजले, तेव्हा सगळ्या गप्पा त्याच्याच. आणि काल कामाला कोण आलं? तेहतीस वर्षांचा, दुखऱ्या गुडघ्याचा माणूस. त्याच नवव्या इनिंगमध्ये, आणि या वेळी पंचाला विचारायची वेळच आली नाही.

वर्षाअखेर आम्ही कुठे असू, यावर मी पैज लावणार नाही. गेल्या वर्षी 80 जिंकून 82 हरलो होतो. पोझी आला म्हणून लगेच रामराज्य येत नाही. पिचिंग बरं वाटतंय, बॅटिंगचा भरवसा नाही. तरी 4 एप्रिलच्या घरच्या पहिल्या मॅचची तिकिटं काढली आहेत. बायको म्हणते, एवढ्या पैशांत पाडव्याला सोनं आलं असतं. ग्रॅमभर आलं असतं फार तर.

उद्या तुमची अहमदाबादला गुजरातशी आहे आणि आमचा बेचाळीस वर्षांचा पिचर व्हरलँडर सिनसिनाटीत टाकतोय. दोघं हरलो तर फोन करायचा नाही, थेट परवा पाडव्याच्या शुभेच्छांनाच बोलू. काकूंना नमस्कार सांग आणि त्यांच्या श्रीखंडाचा फोटो पाठवून मला छळू नकोस.

तुझा,
बंड्या