विशेष प्रशिक्षित परिचारिकांना त्यांच्याच कक्षात ठेवा

महोदय,

चार वर्षांची बी.एस्सी. नर्सिंग पदवी घेतलेल्या मुलींना, आणि आता मुलांनाही, पुढे मानसिक आरोग्य, बालआरोग्य किंवा सामुदायिक आरोग्य या विषयांत दोन वर्षांचे पदव्युत्तर शिक्षण घेता येते, तसेच अतिदक्षता, कर्करोग वा नवजात शिशू परिचर्येची एक वर्षाची पदविकाही करता येते, हे अनेक पालकांना ठाऊक नसते. मात्र अशी पदविका घेतलेल्या, कमी वजनाच्या बाळाच्या श्वासातला बारीकसा बदलही चटकन ओळखणाऱ्या एका परिचारिकेची काही महिन्यांतच अस्थिरोग विभागात बदली झालेली मी सेवेत असताना पाहिली आणि फार हळहळले. बदल्या करताना विशेष शिक्षणाचा विचार व्हावा, ही कळकळीची विनंती.

– एक निवृत्त परिसेविका