रविवारचा पेपर येण्याआधी

तीर्थरूप बाबा आणि आई,
शि. सा. नमस्कार.

फोनवर विषय काढला की आई "बरं, बरं" म्हणते आणि बाबा फोन आईकडे देतात, म्हणून लिहायला बसलो. ताई गुरुवारी घरी येतेय, तिच्या हाती पाठवतो. बाबा, तुम्हीच वाचा, मोठ्याने, नवा चष्मा लावून. जुना लावलात तर अर्धं अंदाजाने वाचाल आणि उगाच रागावाल.

आमच्या पेपरच्या येत्या रविवारच्या पुरवणीत माझी मुलाखत येतेय, मी ट्रान्सजेंडर आहे, मुलगी म्हणून वाढलो आणि आता पुरुष म्हणून जगतोय, त्याबद्दल. नाव, आडनाव, फोटो, सगळं. मी हो म्हणून मोकळा झालोय. विचारलं असतं तर काळजीपोटी तुम्ही नको म्हणाला असता, मी ऐकलंही असतं, आणि मग पुढची कित्येक वर्षं चवथीला घरी येऊन तोंड फुगवून बसलो असतो. माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. तो कुणावर गेलाय तेही ठाऊक आहे.

आधी काळजीचं सांगून टाकतो. गावाचं नाव कुठेही नाही. साखळीचंसुद्धा नाही, नुसतं 'उत्तर गोवा'. बाबांच्या शाळेचं नाही, ताईच्या सासरचं तर नाहीच नाही. आजीच्या बाराव्याला जे झालं त्यातला एक शब्द मी बोललेलो नाही, काकांना तसं सांगून ठेवा, म्हणजे ते आठवडाभर झोपतील.

आडनाव मात्र राहिलं. त्याचा बराच विचार केला. ते काढलं असतं तर खाली कंसात 'नाव बदलले आहे' असं आलं असतं, आणि पेपरात ते कुणासाठी छापतात हे बाबांना सांगायला नको. ज्याच्यावर काही वाईट ओढवलंय त्याच्यासाठी, नाहीतर ज्याला लपायचंय त्याच्यासाठी. माझं दोन्हीतलं काही नाही. शिवाय ते आडनाव तुमचं आहे म्हणूनच मला हवंय. एवढा एक हट्ट चालवून घ्या.

आता, एवढी गरज काय पडली, हे आई विचारणारच. आई, मी दिवसभर पानं लावतो. आमच्याकडे फोटोंचं एक फोल्डर आहे, विषयवार. पाऊस, खाण, फेरीबोट, मासळी. तसं एक 'तृतीयपंथी'. त्यात एकच फोटो धडाचा आहे: सिग्नलवर थांबलेली गाडी, काचेजवळ साडीतल्या दोघीजणी पाठमोऱ्या, एकीचा हात पुढे. किनाऱ्यावर कुणाचं पाकीट मारलं आणि पोलिसांच्या पत्रकात तो शब्द आला की हा फोटो. 15 एप्रिल 2014ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की आपण बाई, पुरुष की आणखी कुणी हे ठरवण्याचा हक्क ज्याचा त्याला आहे, दुसऱ्या दिवशी त्या बातमीवरही हाच फोटो. न्यायमूर्ती हक्कांबद्दल बोलतायत आणि वर पुढे केलेला हात! वाचणारा मजकुराच्या आधी फोटो बघतो, हे पानं लावणाऱ्याइतकं कुणाला कळतं? आणि त्या दोघींची परवानगी तरी कुणी घेतली होती?

माझ्यासारखा माणूस, शर्ट इन करून कॉम्प्युटरपुढे बसलेला, दाढी दोन दिवसांची, त्या फोल्डरमध्ये नाहीच. म्हणून तर आई, बांबोळीला डॉक्टरांच्या खोलीबाहेरच्या बाकावर तू मला हळूच विचारलंस, "म्हणजे आता तू सिग्नलवर जाऊन उभा राहणार?" मी तेव्हा काहीच बोललो नाही, तू रडत होतीस. तुझं काही चुकलं नव्हतं गं. तू तोच फोटो बघत आली होतीस. आणि खरं सांगू, त्या बायकाही तिथे हौसेने उभ्या राहत नाहीत. पण ते पुन्हा कधीतरी.

दुसरी तऱ्हा 'पहिल्या'ची. देशातली पहिली ट्रान्सजेंडर वृत्तनिवेदिका, पहिली फौजदार. 2014च्या ऑगस्टमध्ये कोइंबतूरच्या एका वाहिनीवर पद्मिनी प्रकाश बातम्या वाचायला बसली तेव्हा मी ती बातमी तीन वेळा वाचली होती, खोटं कशाला बोलू. पण 'पहिली'चा हार घालून झाला की बातमीदाराचं काम संपतं. कोची मेट्रोने 2017मध्ये ट्रान्सजेंडर लोकांना नोकऱ्या दिल्या त्याचा केवढा गाजावाजा झाला. मग कळलं, काहींनी नोकरी सोडली, कारण राहायला कुणी खोलीच देईना. मला विचाराल तर खरी बातमी ही खोलीची होती. आमच्या मुलाखतकार मुलीला (काणकोणची आहे, नवीनच लागलीय, हुशार) मी हेच सांगितलं: मला कधी कळलं, कसं कळलं हे सगळेच विचारतात, तू भाडं विचार, बँकेतला फॉर्म विचार, दवाखान्यात कुठल्या रांगेत उभं करतात ते विचार. तिने विचारलं. एक प्रश्न मीच टाळला, शस्त्रक्रियेचा. तो माझा आणि डॉक्टरांचा. तुमचाही नाही, रागावू नका.

बाबा, तुम्हाला जानेवारी 2015 आठवत असेल. आपल्या राज्याच्या युवा धोरणाच्या वेळी एलजीबीटी, म्हणजे समलिंगी, ट्रान्सजेंडर वगैरे तरुणांना 'नॉर्मल' करायला केंद्रं काढू, प्रशिक्षण देऊ, औषधंही देऊ, असं मंत्री बोलून गेले. देशभर गाजलं. मग माझ्या बोलण्याचा चुकीचा अर्थ लावला असा खुलासा आला. त्या सकाळी तुम्ही पेपरच्या चार घड्या घातल्यात, घडवंचीखाली सरकवलात आणि मला म्हणालात, "पाडेली आलाय वाटतं नारळ पाडायला, बघ जरा." मी कुळागराच्या टोकापर्यंत जाऊन आलो. पाडेली आलाच नव्हता. मी तोवर तुम्हाला काही सांगितलेलं नव्हतं, पण तुम्हाला कळलंय हे मला त्या दिवशी कळलं. ती बातमी तुम्हाला माझ्यापासून लपवायची होती. रविवारची लपवू नका, एवढंच म्हणतो.

आता सूचना. या नीट ऐकायच्या.

परकर-पोलक्यातला तो जत्रेतला फोटो कपाटातून बाहेर काढायचा नाही. कुणाचाही फोन येईल, "काकू, छान लेख करतोय, लहानपणीचा एक फोटो द्या" म्हणून. द्यायचा नाही. आधीचा आणि आताचा असे दोन फोटो शेजारी शेजारी छापायची पेपरवाल्यांना भारी हौस. आमच्या साहेबांनीही मागितला होता. मी म्हटलं, तुमचा लग्नाआधीचा टक्कल नसलेला द्या, शेजारी लावू. विषय तिथेच मिटला. फोटो फाडू मात्र नका हं. त्यात माझ्या हातात पिपाणी आहे आणि बाबांच्या खांद्यावर माझी एक चप्पल. दुसरी हरवली म्हणून घरी येईपर्यंत रडत होतो, ते मला अजून आठवतं.

जुनं नावही कुणाला सांगायचं नाही. मुद्दाम खोदून विचारतील. "आम्ही चिमू म्हणतो" म्हणा. खरंच तर आहे ते.

आणि हे पत्र वाचून झालं की लोखंडी कपाटात, दागिन्यांच्या कप्प्यात. हसू नका. 1952च्या 1 डिसेंबरला न्यूयॉर्कच्या 'डेली न्यूज'ने पहिल्या पानावर ख्रिस्तीन जॉर्गेनसनची बातमी छापली. आधी अमेरिकेच्या सैन्यात, मग उपचारांसाठी डेन्मार्कला. माजी सैनिक झाला सोनेरी केसांची सुंदरी, अशा अर्थाचा मथळा. ती तिकडे कोपनहेगनच्या इस्पितळात, आणि इकडे तिने आई-वडिलांना लिहिलेलं पत्र बातमीत! सत्तर वर्षं उलटून गेली, पण मथळ्याचा साचा अजून तोच: अमकी झाली तमका. माझ्या मुलाखतीला तो लागणार नाही, कारण ते पान मीच लावतोय.

सगळंच वाईट चाललंय असं मात्र समजू नका. 2021मध्ये मद्रास उच्च न्यायालयात न्यायमूर्ती आनंद वेंकटेश यांच्यापुढे एकमेकींबरोबर राहू पाहणाऱ्या दोन मुलींचं प्रकरण आलं. त्यांनी सरळ सांगितलं की हा विषय मलाच नीट उमगलेला नाही. आधी स्वतः समुपदेशकाकडे जाऊन बसले, मग निकाल दिला. बाबा, तुम्हाला हे गृहस्थ आवडतील. त्याच प्रकरणातून पुढे तमिळनाडू सरकारने 2022मध्ये राजपत्रात शब्दांची यादीच छापली, पेपरांनी काय लिहावं याची. आमच्या डेस्कवर तसं काही नव्हतं, म्हणून मी चहाच्या टेबलावर एक कागद चिकटवलाय. पत्रकात आलं म्हणून बाईला 'तो' करू नका, विचारून घ्या. चोरीशी संबंध नसेल तर मथळ्यात 'तृतीयपंथी' कशाला, चोराची जात छापतो का आपण? असं चार-पाच ओळींचं. आमचे जुने उपसंपादक आधी पुटपुटले. मराठीत क्रियापदच सांगतं बाई की पुरुष, म्हणून मथळ्यात 'तो' आणि तिसऱ्या परिच्छेदात 'ती' अशी त्यांची नेहमीची खिचडी. परवा त्यांनी स्वतःच पोलीस स्टेशनला फोन लावून विचारलं, "ती स्वतःला काय म्हणते?" पलीकडचा हवालदार किती वेळ गप्पच होता म्हणे.

आई, तू मात्र कधी चुकून "आलीस का" म्हणालीस तर जीभ चावत बसू नकोस. तुला सगळं माफ आहे.

माझी काळजी करायची नाही. घरमालकीण आंटीला मी आधीच सांगितलं. तिचा एकच प्रश्न, फोटो रंगीत येणार ना? आणि भाडं पाच तारखेला दे म्हणजे झालं. दुपारचा डबा चालू आहे, रात्री मी स्वतः भात आणि हुमण करतो, नारळ तुमचेच चाललेत. पाणी दोन वेळ येतं. पंखा दुरुस्त झाला. तपासण्या वेळेवर होतात, रिपोर्ट ताईला दाखवलाय, हवं तर विचारा. ऑफिसात मी एकटा जेवत नाही.

रविवारी सकाळी पाववाला पोदेर आणि पेपरवाला एकदमच येतात. उंडे घ्या, चहा घ्या, बाबांनी बीपीची गोळी आधी घ्यायची, मग पेपर. आईने साखर तपासून वहीत लिहायची. देवळात जायचं तर नेहमीसारखं जा, न जावंसं वाटलं तर गुडघ्याचं निमित्त सांगा, ते खरंच आहे. कुणी चांगलं बोललं तर ऐकून घ्या, वाकडं बोललं तर "मुलालाच विचारा, पणजीला असतो" म्हणून माझा नंबर द्या. भांडायचं नाही. बाबा, हे तुम्हाला. मागच्या वेळी दुकानात जे झालं ते मला कळलंय. फार बरं वाटलं, पण पुन्हा नको, तुमची छाती आता तेवढी राहिलेली नाही.

वाचावंसं नाही वाटलं तर वाचू नका. मी विचारणार नाही. मामी विचारील तर पुरवणी तिलाच देऊन टाका, तिला इंग्रजी येत नाही. मराठीत बोलायचं ठरवलं त्यात तिचा विचार बराच होता.

स्वास्थ्य योजनेच्या कार्डाचं नूतनीकरण राहिलंय, कागद ताईकडे द्या. गॅसवाल्याला पैसे दिलेत. मी पुढच्या शनिवारी येतो, दोन दिवस राहीन. सांदणं करू नका, उगाच त्रास. केलीत तर चार जास्त करा, काणकोणच्या मुलीला न्यायचीत.

तुमचा,
चिमू