फेरिटिनबद्दल बोललीच नाहीस!

प्रिय नीता,

फोनवर तू इतक्या भरभर बोलत होतीस की तुझी भीती तेवढी पोचली, आकडे पोचलेच नाहीत. काल रात्री रिपोर्टचे फोटो नीट पाहिले, म्हणून हे पत्र. इथे तुला मला मध्येच तोडता येणार नाही.

टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन) १४, म्हणजे बरंच वर, प्रोलॅक्टिन (अंगावर दूध आणणारं हार्मोन) जरासं वर, पाळी दोन महिने नाही, प्रेग्नन्सी टेस्ट निगेटिव्ह. त्यावर "माझे दोन-दोन हार्मोन बिघडले" म्हणून तू मोकळी! अगं, ही दोन दुखणी असतीलच असं नाही. टीएसएच इतकं चढलंय म्हणजे थायरॉइड मंदावलं असणार, आणि ते मंदावलं की मेंदूतला हायपोथॅलॅमस टीआरएच नावाचं हार्मोन जास्त सोडायला लागतो. जेमतेम तीन अमिनो आम्लांचा रेणू तो, पण तो हाती लागावा म्हणून गियमाँ आणि शॅली या शास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळांनी मेंढ्यांचे आणि डुकरांचे लाखो मेंदू धुंडाळले. १९७७ च्या नोबेलमध्ये दोघांचा वाटा होता. तर हा टीआरएच मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीला टीएसएच सोडायला लावतो आणि जाता जाता प्रोलॅक्टिनलाही ढोसतो. प्रोलॅक्टिन वाढलं की पाळीची सूत्रं हलवणारे मेंदूतले ठोके मंदावतात. म्हणजे एकाच धाग्याला तीन गाठी.

प्रोलॅक्टिनची तऱ्हाच वेगळी. पिट्युटरीतल्या बहुतेक हार्मोनना मेंदू "चल, सूट" म्हणतो. याला मात्र सतत दाबून धरावं लागतं, आणि ते काम डोपामिनचं. हो, तेच डोपामिन, ज्याला सगळे आनंदाचं रसायन म्हणतात. त्याचा हात सुटला की प्रोलॅक्टिन वर येतं. तू ॲसिडिटीसाठी सकाळी गोळी घेतेस ना? तिच्या पाकिटावर डॉमपेरिडोन लिहिलंय का बघ. ते पिट्युटरीवर डोपामिनची वाट अडवतं. लिहिलं असेल तर डॉक्टरांना नक्की सांग. आपण होऊन ते कोणी विचारेलच असं नाही.

आता खरं भांडण. तुझं फेरिटिन, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याचा आकडा, ९ आहे, फारच कमी, आणि त्यावर तू चकार शब्द काढला नाहीस! तुला ते रक्ताचं, थायरॉइडशी संबंध नसलेलं वाटलं असणार. पण थायरॉइडमध्ये आयोडीन जोडण्याचं काम करणारं एन्झाइम, थायरॉइड पेरॉक्सिडेज (टीपीओ), हीम नावाच्या रेणूवर चालतं आणि हीमच्या मधोमध लोह असतं. पुढे ग्रंथीतून निघतं ते मुख्यतः टी४, चार आयोडीनवालं. पेशींना हवं असतं टी३. टी४ मधलं एक आयोडीन काढून ते बनवणारी एन्झाइमं सेलेनियमशिवाय घडतच नाहीत. म्हणून रक्तात हार्मोन किती, एवढ्यावर गोष्ट संपत नाही. ते घडवणारे, बदलणारे हात कोणाच्या जिवावर चालतात, तेही पाहावं लागतं.

हे वाचून लगेच त्या "हार्मोन बॅलन्स" पावडरीच्या डब्याचं झाकण उघडू नकोस. मला माहीत आहे तू मागवलीस. कमी पडलं की अडतं, म्हणजे जास्त घातलं की धावतं, असं नसतं. आयोडीन दिवसाला १५० मायक्रोग्रॅम पुरतं. फार झालं तर ग्रंथी उलट काम थांबवते, हे वुल्फ आणि चायकॉफ यांनी १९४८ मध्येच दाखवलंय. सेलेनियम जास्त झालं की केस गळतात, आणि तू तर केसांसाठीच घेणार होतीस!

शिवाय त्या पावडरीत बायोटिन हे ब गटातलं जीवनसत्त्व आहे. माझी फजिती सांगते, हसू नकोस. पंचवीस वर्षं बायोकेमिस्ट्री शिकवणारी मी, केस गळतात म्हणून १० मिलिग्रॅमच्या बायोटिन गोळ्या खात होते. शरीराला लागतं ३० मायक्रोग्रॅम. तपासणीत टीएसएच तळाला, टी४ आभाळाला. आठवडाभर मी थायरॉइड वाढलं म्हणून हातांची थरथर शोधत बसले, आणि थोडी सापडलीही! प्रत्यक्षात काही बिघडलं नव्हतं. काही चाचण्यांमध्ये बायोटिनच वापरतात, त्यामुळे रक्तातलं जादा बायोटिन निकाल फिरवतं. गोळ्या बंद करून परत तपासलं, सगळं जागेवर.

सेरोटोनिनचंही विचारलं होतंस. ते बहुतेक आतड्यात बनतं आणि तिथून मेंदूत शिरत नाही. मेंदू आपलं आपण बनवतो. तुझ्या पाळीसाठी सध्या तो विषय बाजूला ठेव.

सोमवारी डॉक्टरांकडे जाशील तेव्हा अँटी-टीपीओ (त्याच टीपीओविरुद्धच्या प्रतिपिंडांची चाचणी) करायची का, हे विचार. थायरॉक्सिन, म्हणजे टी४ ची गोळी, सुरू झालं तर ते उपाशीपोटी घे, आणि लोहाची गोळी त्यानंतर चार तासांनी, नाहीतर लोह त्याला आतड्यातच अडवून ठेवतं. आणि दर आठवड्याला टीएसएच तपासत बसू नकोस. टी४ रक्तात निम्मं व्हायलाच साधारण सात दिवस लागतात, त्यामुळे सहा आठवड्यांच्या आत आकडा काही धड सांगणार नाही. तुझा स्वभाव मला माहीत आहे, म्हणून हे वाक्य दोनदा वाच.

ॲसिडिटीच्या गोळीच्या पाकिटाचा फोटो आजच पाठव.

तुझी,
सुमा