सर्व्हरचा अलर्ट नेमका कोणाच्या मेलवर जातो?

संपादक साहेब, नमस्कार.

नागपुरात डेटा सेंटर येणार म्हणून सगळीकडे चर्चा चालू आहे, चांगलंच आहे, पण शहरातल्या हॉस्पिटलांत, कॉलेजांत अन् पतसंस्थांत जिन्याखालच्या खोलीत जे छोटे छोटे सर्व्हर रूम आहेत त्यांचं कोणी पाहून राहिलं का, एवढंच विचारायला हे पत्र.

आमचं एका संस्थेचं हॉस्पिटल आहे. तीन फिजिकल सर्व्हर अन् त्यांच्यावर बावीस व्हर्च्युअल, म्हणजे एकाच डब्यात सॉफ्टवेअरनं बनवलेली वेगवेगळी मशीन, आम्ही त्यांना व्हीएम म्हणतो; केसपेपर, लॅब, फार्मसी, पगार सगळं त्या तीन डब्यांत. मे महिन्यात एका शनिवारी रात्री लाइन गेली, दोन मिनिटांत आली, यूपीएसमुळे सर्व्हरना पत्ताही लागला नाही, पण एसी काही परत सुरू झाला नाही. सर्व्हरच्या तोंडाशी हवा १८ ते २७ डिग्रीच्या मधात पाहिजे असं अ‍ॅश्रे ही एसी-कूलिंगवाल्या इंजिनिअरांची अमेरिकन संस्था सांगते, अन् इथं नागपूरचा मे, खोली बंद. पहिला सर्व्हर तापून स्वतःच बंद झाला, त्याच्यावर चालणाऱ्या व्हीएम बाकी दोघांवर सॉफ्टवेअरनं चालू केल्या, म्हणजे त्यानं काम अगदी बरोबर केलं, पण त्यानं त्या दोघांवर लोड वाढला अन् ते अजूनच तापले. पहाटे पाचला कॅज्युअल्टीतून सिस्टरचा फोन आला तेव्हा तिन्ही बंद. कोणीतरी म्हणालं कूलर लावू, म्हटलं बाप्पा, सर्व्हरला ओली हवा द्यायची का आता?

आता खरी गोष्ट. प्रत्येक चांगल्या सर्व्हरमध्ये एक वेगळी छोटी चिप असते, डेलवाले तिला आयड्रॅक म्हणतात, एचपीवाले आयएलओ. मेन मशीन बंद असली तरी करंट आहे तोवर ती जागी असते, तापमान, पंखे, डिस्क सगळं पाहते आणि मेल पाठवते. आमच्या तिन्ही सर्व्हरनी मेल पाठवले होते. ते गेले दीड वर्षापूर्वी पुण्याला नोकरीला गेलेल्या पोराच्या आयडीवर!

आम्ही तर मागच्या वर्षी व्हीएम चालवणारं सॉफ्टवेअरही बदललं, आधी व्हीएमवेअर होतं. नोव्हेंबर २०२३ ला ब्रॉडकॉम या अमेरिकन कंपनीनं व्हीएमवेअर विकत घेतलं, एकदाच पैसे भरून कायमचं लायसन्स मिळायचं ते बंद झालं अन् आमच्या ट्रस्टी लोकांनी रिन्यूअलचं कोटेशन पाहून हातच जोडले. म्हणून प्रॉक्समॉक्स नावाच्या सॉफ्टवेअरवर गेलो. व्हिएन्नातल्या कंपनीचं, ओपन सोर्स, लायसन्सला पैसे नाही, सपोर्ट पाहिजे तर वर्षाचे भरा. जुन्या व्हीएम इकडे आणायचा विझार्डही (एकेक पायरी दाखवणारी सोय) त्यांनी २०२४ मध्ये दिला, चालू व्हीएम बंद न करता दुसऱ्या सर्व्हरवर सरकवता येते, एकाच स्क्रीनवर सगळं दिसते. मी तर खुश होतो. पण शिफ्टिंग करताना अलर्टचा पत्ता जुन्या सेटिंगमधून जसाच्या तसा उचलला, चूक माझीच, अन् सर्व्हरवरचे स्टिकरही जुनेच, स्क्रीनवर ज्याला दोन नंबर, त्याच डब्यावर तीन लिहिलेलं. शेवटी स्क्रीनवरून डब्यावरचा निळा लाइट लुकलुकवून कोणता डबा कोणता ते शोधलं, ती सोय आहे हे त्या दिवशी कामात आलं.

माझं म्हणणं एवढंच की टेंडरमध्ये कोअर किती, रॅम किती यावर चार पानं असतात अन् हे सगळं रोज पाहणार कोण यावर एक ओळ नसते. अलर्ट एका माणसाच्या नावावर नको, दोन-तीन जणांच्या ग्रुपवर पाहिजे, एसएमएसही पाहिजे, अन् तीन महिन्यांतून एकदा मुद्दाम एसी बंद करून पाहा मेल येतो का. महागडं सॉफ्टवेअर घ्या नाहीतर फुकटचं, ही कामं त्यात येत नाहीत.

अन् एसीवाल्याला कोणी बोल लावू नका. तो बिचारा मागच्या उन्हाळ्यापासून सांगून राहिला होता की लाइन आल्यावर आपोआप चालू होणारा घ्या, आमच्याच ऑफिसात ती फाइल पडून होती.

आपला,
एक सिस्टिम अ‍ॅडमिन, नागपूर