मळवलीच्या छत्रीवाल्या काकांना

काका,

गेल्या रविवारी भाजे लेण्यांच्या पायऱ्यांवर "एवढ्यात निघालीस?" असं जिला हटकलंत, ती मी. नाव विचारायचं दोघांचंही राहिलं, म्हणून हे उघड पत्र.

मी कोथरूडला फिजिओथेरपी करते. दिवसभर गुडघे, खांदे, मणके. भाज्याच्या चैत्यात, म्हणजे प्रार्थनेच्या दालनात, मूर्तीच दिसेना, म्हणून दहा मिनिटांत परत फिरले होते. तुम्ही मला त्या 14 स्तूपांपाशी नेलंत. काहींवर थेरांची, म्हणजे ज्येष्ठ भिक्खूंची, नावं कोरलेली आहेत. तुम्ही म्हणालात, "ही माणसंच आहेत गं. चेहरा तेवढा नाही." ही लेणी इसवी सनाआधी खोदायला घेतली तेव्हा बुद्धाचीही मूर्ती घडवत नसत, स्तूप, पाऊलखुणा, रिकामं आसन यांतूनच तो ओळखायचा, हे मला तिथे कळलं.

मग कार्ल्याची लेणी. व्हरांड्यातली ती भरघोस जोडपी बघून मी शहाणपणा केलाच, "यांना स्नायू कुठायत? ॲनाटॉमी कच्ची दिसते." तुम्ही चिडला नाहीत. मोबाइलवर लाहोरच्या संग्रहालयातला उपाशी सिद्धार्थ काढून दिलात. बरगड्या मोजाव्यात, शिरा चाचपाव्यात, पोट पाठीला लागलेलं. आमच्या वर्गातला सांगाडाही इतका बोलका नव्हता. (तो शिल्पकार दूर वायव्येकडच्या गंधारातला, कार्ल्याचा नव्हे. वादात तेवढी सूट मी तुम्हाला दिली.)

"आता श्वास भरून घे आणि थांब," म्हणालात. मी थांबले. "बघ, खांदे कसे गोल झाले. दगडात तेच आहे." जोडप्यांच्या शेजारचे बुद्ध काही शतकांनी कोरलेले, हेही तुम्हीच सांगितलंत. त्यांचीही छाती तशीच भरलेली, स्नायूंची रेघ नाही. बुद्धाच्या अंगी मानलेल्या महापुरुषाच्या 32 लक्षणांत तर हात गुडघ्यापर्यंत पोचणारे! माझ्या पट्टीनं मोजायला गेले असते तर सगळेच पेशंट निघाले असते.

सोमवारी एका आजोबांचा खांदा तपासताना आधी त्यांचा श्वास बघितला. तो वर, गळ्याशीच अडकत होता. खांद्याचं दुखणं तिथूनही वाढत होतं. हे मला कॉलेजात शिकवलेलं होतं, काका. बघायचं राहून गेलं होतं.

मनापासून आभार. तुमची छत्री माझ्याकडेच आहे. लोकल आली, तुम्ही मागच्या डब्यात चढलात आणि ती माझ्या हातातच राहिली. येत्या रविवारी सकाळी मळवली स्टेशनवर घेऊन थांबते.

तुमची,
ॲनाटॉमीवाली