दशाश्वमेध घाटावरच्या सोलापूरच्या दादांना

दादा,

तुमचं नाव विचारायचं राहून गेलं, याची चुटपुट आजही जात नाही. २२ जुलै २००९ च्या पहाटे वाराणसीला, हिरव्या लुगड्यातल्या एका बाईला तुम्ही स्वतःचा ग्रहणाचा चष्मा दिलात. ती माझी आई. आम्ही वरूड तालुक्यातले, संत्रावाले.

१६ फेब्रुवारी १९८० च्या ग्रहणात मी तिच्या पोटात होतो. दुपारभर तिला अंधाऱ्या खोलीत कोंडलं होतं. विळी नाही, सुई नाही, पाण्याचा घोटही नाही. बाहेर नेमकं होतं तरी काय, हे पाहायचंच, असं तिनं तेव्हापासून मनात धरलं. २००९ ला निघालो तर जिवतीच्या अमावस्येला घर सोडते म्हणून शेजारणींनी बोल लावले. सहलवाल्यानं आगाऊ पैसे घेतले आणि निघायच्या दिवशी फोन बंद केला. नागपूरहून जनरलच्या डब्यात उभ्यानं आलो.

पण चष्म्यापेक्षा मला पुढचं आठवतं. सूर्य पुरता झाकला, गंगेवर अंधार आला, घाटावर एकच गलका झाला आणि आई डोळे घट्ट मिटून थरथरत होती. चष्म्यातून आता काही दिसेना, उघड्या डोळ्यांनी पाहायची छाती होईना. तुमचा कॅमेरा तिवईवर तयार होता. तो तसाच सोडून तुम्ही तिच्याजवळ बसलात. "मावशी, चष्मा काढा. पूर्ण झाकलाय तोवर काही होत नाही. वेळ मी बघतो."

जेमतेम ३ मिनिटांचं खग्रास. तुम्ही घड्याळ पाहत होतात. आईनं काळ्या सूर्याभोवतीची पांढरी प्रभा पाहिली, भर सकाळी शुक्र पाहिला. सूर्याच्या कडेला हिऱ्यासारखा पहिला किरण चमकायच्या आत तुमचा हात तिच्या डोळ्यांपुढे आला. "आता लावा." आपली माणसं अडवत होती, आणि परक्या माणसानं स्वतःचं ग्रहण तिला देऊन टाकलं. दादा, इतका चांगुलपणा मी नंतर फार कमी पाहिला.

आज लिहायला बसलो त्याला कारण आहे. ७ सप्टेंबर २०२५ ला चंद्रग्रहण होतं. पुतणी बाळंतपणाला आलेली, सातवा महिना. घरच्यांनी खोलीचं दार लावायला घेतलं तशी आई उठली. "काऊन कोंडता पोरीले? म्या सूर्याले पाह्यलं, माहे डोये शाबूत हायेत." हाताला धरून तिला अंगणात घेऊन गेली.

तुमचा चष्मा आईच्या पेटीत आहे, जिवतीच्या कागदात गुंडाळलेला. आंबिया बहाराची संत्री दिवाळीनंतर उतरतात. या.

मावशींचा धाकटा